अक्षराचा सातबारा

वडिलांनी गावाकडच्या आठवणींचं पुस्तक १९९७ साली स्वखर्चाने छापलं. एकशे बारा पानं. जुळणी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडे झाली. काम संपल्यावर त्याने सगळा मजकूर दोन फ्लॉप्यांवर भरून दिला आणि वडिलांनी त्या फ्लॉप्या बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटाच्या खणात ठेवल्या. पुढे मी तो मजकूर सीडीवर उतरवून घेतला. वडील गेल्यानंतर दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा फाइल उघडली. फाइल उघडली खरी, पण तिच्यात मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, डॉलर आणि पौंडाच्या खुणा, पानंच्या पानं नुसत्या खुणा. ज्या पॅकेजात पुस्तक जुळवलं होतं ते विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. त्या पॅकेजबरोबर काडेपेटीएवढं एक ‘लॉक’ येई. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलं तरच पॅकेज सुरू व्हायचं. डीटीपीवाल्याकडे आता ते लॉकही उरलं नव्हतं. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळं पुस्तक पुन्हा टाइप करून घेतलं.

शब्द वडिलांचे होते, पैसा वडिलांचा होता. मग ती अक्षरं कोणाची होती? शेताबद्दल असा प्रश्न पडला की आपण तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढतो, जुने फेरफार वाचतो. अक्षराचाही तसा उतारा काढता येतो.

उताऱ्याच्या मागच्या पानांवर शिसं आहे. अमेरिकन मिशनचे पाद्री १८१३ साली मुंबईत आले. मराठीत धर्मग्रंथ छापायचे तर देवनागरी टाइप हवा होता. सुरुवातीचा टाइप त्यांनी कलकत्त्याहून आणला, पुढे मुंबईतच पाडला. तो खटाटोप पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून जुनी मंडळी छापील कागदाला शिवत नसत, तर गणपत कृष्णाजींनी तूप घातलेली शाई केली. पाठोपाठ जावजी दादाजी आले. मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर पोरवयात लागलेल्या या माणसाने १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर सुरू केला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी पाडलेलं निर्णयसागरी वळण आजही जुन्या पोथीत दिसलं की डोळा त्यावर थांबतो.

त्या धंद्याची रीत थोडी तपशिलात पाहायला हवी. कारागीर पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरी. तो पंच तांब्यावर ठोकला की खोलगट मातृका तयार होई. मातृकेत शिशाचा रस ओतला की खिळा. पंच आणि मातृका फाउंड्रीच्या तिजोरीत राहत, त्या कोणी कोणाला देत नसे. छापखाना खिळे विकत घेई, तेही वजनावर. मालकीचे हे तीन हिस्से अगदी स्वच्छ होते: साचा फाउंड्रीचा, खिळा छापखान्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. विकत घेतलेला खिळा तुम्ही शेजारच्या छापखान्याला उसना देऊ शकत होता, झिजला की वितळवून दुसरा ओतू शकत होता. एखादं अक्षर कमी पडलं तर कानशीने घासून दुसऱ्यातून काढू शकत होता. किती प्रती छापता, काय छापता, हे विचारायला फाउंड्रीचा माणूस दारात येत नसे. फाउंड्री बुडाली तरी तुमचे खिळे तुमच्याकडे राहत. आणि छापलेला कागद वाचायला तो खिळा जवळ असण्याची गरज नव्हती. हे शेवटचं वाक्य त्या काळी कोणी उच्चारलंसुद्धा नसतं, इतकं ते उघड होतं.

पहिला फेरफार यंत्राने केला. लायनोटाइप आणि मोनोटाइप यंत्रं आली तशी मातृका छापखान्यातच आली, पण ती त्याच कंपनीच्या यंत्रात बसणारी. यंत्र एकाचं घेतलं की अक्षरही त्याच्याकडूनच. फोटो-टाइपसेटिंगने ही गाठ आणखी आवळली. तरीही छापलेला कागद सगळ्यांचाच होता.

दुसरा फेरफार १९८३ सालचा, आणि त्या वर्षात दोन गोष्टी घडल्या ज्यांना एकमेकींची खबर नव्हती. दिल्लीत तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं होतं. तिथे आयआयटी कानपूरच्या मंडळींनी देवनागरीत चालणारा संगणक दाखवला. त्याच कामातून ‘जिस्ट’ तंत्र आलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली तेव्हा ते तिथे वाढलं आणि संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपाने कचेऱ्यांत पोचलं. त्याला आधार होता ‘इस्की’ या संकेताचा. भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ साली मानक म्हणून जाहीर केला. प्रत्येक वर्णाला एक क्रमांक, ब्राह्मीतून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्यांना एकच मांडणी. ही सार्वजनिक पैशातून झालेली, सर्वांसाठी खुली असलेली गोष्ट होती आणि तिचं मोल आपण पुरेसं ओळखलं नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की तसं सर्वांना कळवणारी दुरुस्ती त्याला करायची होती. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने ती केलीही होती. नव्या प्रिंटरचा कोड मात्र त्याला मिळाला नाही, कारण तो ज्याच्याकडे होता त्याने कोणाला न देण्याच्या करारावर सही केली होती. आपल्या हातातलं यंत्र दुरुस्त करायला परवानगी लागते, ही गोष्ट त्याला अन्यायाची वाटली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ च्या फेब्रुवारीत जीपीएल नावाचा परवाना लिहून काढला. परवान्याचा गाभा एवढाच: प्रोग्राम वापरा, आतला कोड वाचा, बदला, वाटा, हवं तर विका, पण पुढच्याला देताना हेच सगळे हक्क त्यालाही द्या. मुंबईच्या छापखानदाराला खिळ्याबरोबर जे आपोआप मिळत होतं, ते प्रोग्रामच्या बाबतीत असं शब्दांत मांडून मिळवावं लागलं. प्रोग्रामची नक्कल क्षणात होते, म्हणून कायद्याने तिच्याभोवती कुंपण घातलं होतं. स्टॉलमनने त्याच कायद्याच्या जोरावर गायरान राखलं.

मराठी अक्षर मात्र तेव्हा वेगळ्याच वाटेने निघालं होतं. नव्वदच्या दशकात डीटीपीचा धंदा डॉसवरून विंडोजवर गेला. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं, त्यातली काही राखीव. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार मिळून देवनागरीला याहून कितीतरी जास्त आकार लागतात. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामला देवनागरीची ओळखच नव्हती. मग युक्ती निघाली: इंग्रजी अक्षराच्या घरात अर्धा क बसवायचा, दुसऱ्या घरात काना, आणि तुकडे जोडून अक्षर उभं करायचं. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी साठवली जाई आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. संगणकाच्या लेखी तो ‘किल्ला’ नव्हताच, चार-पाच इंग्रजी खुणा होत्या. त्यात शोध घेता येत नसे, अकारविल्हे यादी लागत नसे. फॉन्ट बदलला की मजकूर मातीमोल.

इथे उताऱ्यात एक नवी नोंद पडली, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही. शिशाच्या काळात साचा कंपनीचा होता, मजकूर नव्हे. आता संकेतच खासगी झाला. त्यामुळे लिहिणाऱ्याचा मजकूरही कंपनीच्या कुलपात गेला. लेखकाने कसलीही सही केली नव्हती. त्याचा डीटीपीवाला कोणतं पॅकेज वापरतो एवढ्यावर ते ठरत होतं.

ही पॅकेजं करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तेव्हा डीटीपीच्या धंद्यात मराठीची सोय करायला दुसरं फारसं कोणी पुढे आलं नव्हतं. पुण्यामुंबईच्या या कंपन्यांनी अक्षरं आखणारे कलाकार पोसले, वर्तमानपत्रांना वेळेवर निघण्याची सोय करून दिली. गल्लोगल्ली एका प्रतीवरून पन्नास नकला होत होत्या, म्हणून त्यांनी लॉक आणलं. अक्षर घडवणाऱ्याला पोट आहे, हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी कधी विसरू नये. पण युनिकोड हा सर्व भाषांसाठीचा सामाईक संकेत आल्यानंतरही ज्यांनी वर्षानुवर्षं जुना संकेत सोडला नाही, त्यांच्याबद्दल मला असं म्हणता येत नाही. आधी जी गरज होती तिची पुढे मिळकत झाली. ग्राहक बाहेर पडू शकत नव्हता, म्हणून टिकून होता.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर उभी आहे. म्हणजे आपल्या सार्वजनिक पैशातून झालेलं काम जगाच्या मानकात गेलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी टेक या मुक्त जुळणी-प्रणालीसाठी देवनागरी फॉन्ट खुला केला. मुळात टेक हीच डोनल्ड कनूथ या गणितज्ञाने स्वतःच्या ग्रंथाची जुळणी विद्रूप झालेली पाहून लिहिली आणि जगाला देऊन टाकली. वेल्थुइस यांचे आकार पुढे ग्नूच्या मुक्त फॉन्टमध्ये गेले. लिनक्स वापरणाऱ्या कित्येकांनी पडद्यावर पहिली देवनागरी वाचली ती त्याच आकारांत. कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

आता उताऱ्यातली एक नोंद जवळून पाहू. रघुनाथ कृष्ण जोशी, र. कृ. जोशी, अक्षरलेखनातलं मोठं नाव. आयआयटी मुंबईत शिकवलं, मग मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांचा. एक पिढी मराठी पडद्यावर वाचायला शिकली ती मंगलमध्ये. पण मंगल विंडोजबरोबर आला आणि विंडोजबरोबरच राहिला. त्याची प्रत दुसऱ्याला देता येत नाही, त्याच्यातली एखादी मात्रा चुकीच्या जागी बसली तर सरकवता येत नाही. याच जोशींच्या हातचा ‘रघु’ हा फॉन्ट एनसीएसटीने जीपीएलखाली खुला केला. तोच हात, तीच नजर. मंगलचा सातबारा एका कंपनीच्या नावावर, रघुचा गावाच्या. फरक अक्षराच्या वळणात नाही, कागदावरच्या परवान्यात आहे.

त्या फरकाने काय होतं हे मराठी माणसाला ‘ऱ्य’ सांगतो. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर: हा अर्धा र हिंदीला लागत नाही. देवनागरीचे फॉन्ट हिंदी डोळ्यापुढे ठेवून केले की हा आकार राहून जातो, आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातली दरी जाऊन समुद्र येतो. ‘ॲ’चंही तसंच. ‘ॲप’, ‘ॲसिड’ लिहायला लागणारं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत दाखल झालं. ज्या फॉन्टमध्ये ते नव्हतं तिथे रिकामी चौकट दिसे. बंद फॉन्ट असेल तर मालकाच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. मालकाला मराठी गिऱ्हाईक थोडं वाटलं तर ती वाट लांबते. खुल्या फॉन्टमध्ये ज्याला येतं तो स्वतः अक्षर भरतो आणि ते सर्वांना मिळतं. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट जीपीएलखाली प्रसिद्ध केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले, म्हणजे ‘श्री-लिपि’ हे मालकीचं पॅकेज विकणाऱ्या कंपनीनेच. लोहितमध्ये चूक दिसली की ती नोंदवायला उघडी जागा होती. दुरुस्ती कोणी केली, केव्हा केली, हेही सर्वांना दिसत असे.

२००५ साली केंद्र सरकारने आधी तमिळ, मग हिंदी आणि पुढे इतर भाषांच्या फॉन्टच्या सीडी फुकट वाटल्या. चांगलं पाऊल होतं. पण फुकट मिळालेली वस्तू मुक्त असतेच असं नाही. सीडी मोफत मिळाली म्हणून फॉन्ट उघडून दुरुस्त करण्याचा हक्क मिळत नाही. पाणपोईवर पाणी फुकट मिळतं, विहीर आपली होत नाही.

जीपीएल प्रोग्रामसाठी लिहिलेला परवाना. फॉन्टला तो जरा अंगाबाहेर होत होता. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवला तर सगळं पुस्तकच जीपीएलखाली येतं का, असा पेच पडे. तो सोडवला एसआयएल या संस्थेने. लहान लहान भाषांत बायबल पोचावं म्हणून भाषांचा अभ्यास करणाऱ्यांची ही ख्रिस्ती संस्था, अमेरिकेत १९३४ साली सुरू झालेली. तिच्या ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ची १.१ ही आवृत्ती २००७ ची. फॉन्ट वापरा, पुस्तकात बसवा, बदला, वाटा, सॉफ्टवेअरबरोबर विका. नुसता फॉन्ट तेवढा विकू नका, बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली ठेवा, आणि मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव आपल्या बदललेल्या फॉन्टला लावू नका. मिशनच्या गरजेतून मुंबईत मराठी टाइप पाडला गेला आणि दीड शतकाहून अधिक काळाने तशाच गरजेतून अक्षर मुक्त करणारा परवाना आला. हे मला या सगळ्या उताऱ्यातलं सर्वांत विलक्षण पान वाटतं.

या परवान्याखाली मराठीत काय आलं? मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ आला, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी आखलेला. त्याच संस्थेचा ‘बलू’ आला. लोहितही २०११ मध्ये याच परवान्याखाली गेला. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ काढला. पुढे आयआयटी मुंबईतल्या संस्कृत अभ्यासकांना वैदिक स्वरचिन्हं आणि दुर्मीळ जोडाक्षरं असलेला फॉन्ट हवा होता. त्यांनी यशोमुद्रेच्या देवनागरीवर ‘शोभिका’ उभारला. महाराष्ट्राच्या पैशातून मराठीसाठी झालेलं अक्षर असं संस्कृतच्या कामी आलं, आणि तेही पुन्हा खुलंच राहिलं. परवाना बंद असता तर यशोमुद्रा एका सरकारी सीडीत पडून राहिला असता.

हे सगळं फुकटात होत नाही, हे मात्र ठणकावून सांगायला हवं. एका चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये कित्येक शे आकार असतात. प्रत्येक जोडाक्षर आखायचं, मात्रा कुठे बसेल ते नियमात लिहायचं, जाड आणि बारीक अशा प्रत्येक वजनात ते पुन्हा करायचं. यात वर्षं जातात. मुक्त फॉन्टमागेही कोणीतरी पगार देतच असतो. लोहितमागे रेड हॅट होती, कारण तिला भारतात लिनक्सच्या सेवा विकायच्या होत्या. वेबवरच्या अनेक मुक्त फॉन्टमागे गूगल आहे, कारण लोक आपापल्या भाषेत वाचू-लिहू लागले की गूगलचा धंदा वाढतो. अशा पैशातून झालेलं अक्षर आपल्या हातात कायमचं राहतं, म्हणून मी ते आनंदाने घेईन. पण कंपनीचा हेतू बदलला की पुढच्या अक्षराचा पैसा आटतो. राणोजी आरूंच्या मागे जावजी होते, आणि जावजींच्या मागे खिळे विकत घेणारे छापखाने. आज काही मराठी प्रकाशक, वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंक मुक्त फॉन्ट वापरतात. पण अक्षर आखणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडतं?

माझं म्हणणं साधं आहे. सरकारने, विद्यापीठाने, साहित्य संस्थेने फॉन्टसाठी खर्च केलेला प्रत्येक सार्वजनिक रुपया मुक्त परवान्यातच यायला हवा. प्रकाशकांनी चार-पाच जणांत वर्गणी काढून एक पुस्तकी वळणाचा फॉन्ट करवून घ्यावा, कलाकाराला आधी पूर्ण मोबदला द्यावा, आणि मग अक्षर सर्वांना खुलं करावं. खासगी कंपन्यांनी आपले फॉन्ट जरूर विकावेत, लॉक लावूनही विकावेत. पण मजकूर साठवायचा तो युनिकोडमध्येच, आणि जुन्या संकेताचा तक्ता त्यांनी जाहीर करून टाकावा. असे तक्ते स्वयंसेवकांनी एकेक खूण जुळवत बनवले आहेत, त्यावरून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर लिहिले आहेत. मालकांनी हे एका दिवसात केलं असतं.

वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मुक्तामध्ये जुळवली. सगळे ‘ऱ्य’ तपासून घेतले. फाइल गावच्या वाचनालयाला दिली आहे आणि ती तिथल्या कोणत्याही संगणकावर उघडते.

तुमच्या घरी, संस्थेत, शाळेत त्या काळातल्या मराठी फाइली असतील: स्मरणिका, गावाचा इतिहास, आजीच्या ओव्या, कोणाचा तरी अप्रकाशित कवितासंग्रह. त्या या महिन्यात उघडून पाहा. खुणाच दिसल्या तर फॉन्टचं नाव शोधा, त्याचा कन्व्हर्टर शोधा, मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून पाहा. तो जुळवणारा डीटीपीवाला अजून असेल तर आधी त्याला फोन करा.